कसाऱ्याच्या घाटात जाम झालेले इंजिन

जुन्या वाहनांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते आणि नंबर लावून, वाट पाहून त्यांनी ही गाडी घेतली होती. आरसी आता माझ्या नावावर आहे आणि नोंदणीचे नूतनीकरणही वेळच्या वेळी केलेले आहे. एप्रिलमध्ये कल्याणहून परतताना कसारा घाट चढत असता तापमानाचा काटा वर गेला; थोड्या वेळाने तो आपोआप खाली आला, म्हणून मी गाडी थांबवली नाही. पुढच्या एक-दोन वळणांत इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला, ताकद गेली आणि गाडी बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन जागचे हलेना. गाडी टोइंगच्या ट्रकवर घालून नाशिकला आणली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने हँडल लावून पाहिले, तेव्हा इंजिन जड जात होते, पण फिरले. आता एक गॅरेजवाले म्हणतात, हे इंजिन संपले, मारुती व्हॅनचे वापरलेले इंजिन गिअरबॉक्ससकट बसवून देतो. दुसरे म्हणतात, फिरते आहे ना, मग पिस्टनच्या रिंगा बदलल्या की काम होईल. मी कोणाचे ऐकावे?
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आज तरी दोघांपैकी कोणाचेही ऐकू नका, कारण दोघांनीही इंजिन न उघडताच निकाल दिला आहे. आपण सांगितलेल्या हकिकतीत निदानाला उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी आहेत : काटा वर जाऊन आपोआप खाली येणे, टकटक आवाज आणि थंड झाल्यावर इंजिन पुन्हा फिरणे. या तिन्हींचा नीट अर्थ लावला तर पुढची बरीचशी दिशा ठरते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

तापमान मोजणारा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचेच तापमान सांगतो. पाणी उकळून किंवा गळून त्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की तो उघडा पडतो, त्याच्याभोवती नुसती वाफ आणि हवा उरते आणि काटा उतरू लागतो. आपल्या गाडीचा काटा खाली आला तो बहुधा पाणी संपल्यामुळे. जुनी गाडी घेऊन घाट चढणाऱ्या प्रत्येकाने हे मनावर कोरून ठेवावे, की चढ चालू असताना आणि वेग तोच असताना वर गेलेला काटा आपोआप उतरू लागला, तर गाडी त्याच क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे असते.

पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य भाग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे आणि सिलिंडरमध्ये वरखाली होणारे पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये मुळातच अगदी बारीक फट ठेवलेली असते आणि त्या फटीत ऑइलचा पातळ थर असतो. पाणी संपल्यावर पिस्टन फुगून ही फट भरून जाते, ऑइल जळते, धातूवर धातू घासतो आणि पिस्टनचा मऊ धातू बोअरला चिकटू लागतो. इंजिन जाम झाले किंवा सीझ झाले असे आपण म्हणतो ते यालाच. रात्रभरात पिस्टन आकसला, म्हणून सकाळी हँडलने इंजिन फिरले. त्यावरून इतकेच कळते, की क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) किंवा त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड मोडून आत अडकलेला नाही. बोअर आणि पिस्टन शाबूत आहेत, असे त्यावरून म्हणता येत नाही.

इंजिन उघडेपर्यंत यापुढे सेल्फ मारू नये आणि धक्का देऊन गाडी चालू करण्याचा मोह तर मुळीच करू नये. घासलेल्या बोअरमध्ये पिस्टन जितक्या वेळा वरखाली होईल तितके ओरखडे खोल होत जातात आणि जे काम बोअरिंगवर (बोअर कापून मोठा करण्यावर) भागले असते ते स्लीव्ह (बोअरमध्ये नवी नळी) टाकण्यापर्यंत जाते. हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) न खोलताही पुष्कळ गोष्टी दिसतात. चारही प्लग काढून क्रमाने कागदावर मांडून ठेवा. एखाद्याच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक करडे दाणे चिकटलेले असतील, तर त्या सिलिंडरचा पिस्टन जळाला आहे असे समजावे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) उडाले आहे किंवा हेडला तडा आहे. त्यानंतर चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावे आणि कापडावर राहिलेल्या चुऱ्यावरून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटेल तो चुरा लोखंड-पोलादाचा, म्हणजे रिंगा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा क्रँक यांपैकी कशाचा तरी. न चिकटणारा चकचकीत चुरा पिस्टनचा किंवा बेअरिंगचा. आपण टकटक आवाजाचा उल्लेख केला आहे, तेव्हा बेअरिंगची शंका मला अधिक वाटते, आणि केवळ रिंगा बदलण्याच्या सल्ल्यात या शंकेचा विचारच झालेला नाही.

यानंतर हेड उतरवावे. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि ते ज्या पोलादी स्टडवर बसते, तेथे वर्षानुवर्षांच्या गंजाने ते घट्ट धरलेले असते. अशा वेळी फटीत पेचकस घालून हेड उचकटणे ही जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्रास घडणारी आणि सर्वांत महाग पडणारी घाई आहे. गंज सोडवणारे तेल स्टडभोवती सोडून एक-दोन दिवस थांबावे आणि मग लाकडी ठोकळा ठेवून सर्व बाजूंनी हलके ठोके द्यावेत. हेड निघाल्यावर त्याच्या तळावर पोलादी सरळपट्टी कर्णरेषेत धरून तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी जाते का, ते पाहावे. जात असेल तर हेड वाकले आहे आणि त्याचे फेसिंग (तळ यंत्रावर सपाट करणे) करावे लागेल. फेसिंगपूर्वी हेडची पाण्याच्या दाबाखाली गळती-चाचणी करून घ्यावी, कारण तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च करण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट मशीन शॉपला आवर्जून सांगा : ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह ज्यांवर बसतात त्या कड्या) वेगळ्या धातूच्या, दाबून बसवलेल्या असतात आणि इतक्या तापलेल्या हेडमध्ये त्या ढिल्या होऊ शकतात. ढिली सीट वरून धड दिसते, व्हॉल्व्हही तिच्यावर नीट बसतो, पण पुढे कधी तरी ती सुटून पिस्टनवर आली की नव्याने बांधलेले इंजिन पुन्हा उघडावे लागते.

आता बोअर. कापडाने बोअर पुसून अंगठ्याचे नख आडवे फिरवा. ओरखडा डोळ्यांना दिसतो पण नखाला लागत नाही, अशी स्थिती असेल तर आशेला जागा आहे. नख अडकले, तर नव्या रिंगा त्या खाचेतून जाणारा वायू आणि ऑइल अडवू शकणार नाहीत, मग त्या कितीही चांगल्या कंपनीच्या असोत. शिवाय पन्नास वर्षे चाललेला बोअर वरच्या टोकाला अधिक झिजलेला आणि किंचित लंबगोल झालेला असतो, त्यामुळे नखाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला बोअरही डायल गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना मोजल्याशिवाय सोडू नये. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने तसेच मोजावेत. या इंजिनाचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर फिरतो, त्यामुळे मधल्या बेअरिंगकडे विशेष लक्ष द्यावे.

मापे काढण्याच्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत, असे मी मानतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये गाड्यांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे मोठे कारखाने आहेत, त्यांच्या आधाराने उभी राहिलेली लहान मशीन शॉप आहेत आणि शतांश मिलिमीटरची भाषा रोज बोलणारे टर्नर, फिटर, टूलरूममधले लोक गल्लोगल्ली आहेत. आपल्या मेकॅनिकला पद्मिनीची माहिती असावी आणि मशीन शॉपला मापांची. दोन्ही एकाच माणसाकडे असण्याची गरज नाही. मात्र मोजलेले प्रत्येक माप कागदावर लिहून मागा. आकडे लिहून देण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडे ब्लॉक सोडू नका.

बोअरिंग करावे लागलेच, तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्यावेत आणि मग प्रत्येक बोअर त्या-त्या पिस्टनच्या मापाने कापून घ्यावा. उलट क्रमाने केलेले काम हमखास अडते, कारण कापलेल्या मापाचा पिस्टन बाजारात मिळेलच याची खात्री नसते. मूळ इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, म्हणजे क्षमता १०८९ सीसी. अर्धा मिलिमीटर बोअरिंग केल्याने ती सुमारे ११०५ सीसी होते. गाडीच्या स्वभावात याने काही फरक पडत नाही. पूर्वीच बोअरिंग होऊन शेवटच्या मापापर्यंत आलेला ब्लॉक असेल, तर स्लीव्ह टाकून तो पुन्हा मूळ ६८ मिलिमीटरवर आणता येतो. हे सारे पाहता, 'इंजिन संपले' हे शब्द रॉडने ब्लॉक फोडला असेल किंवा ब्लॉकला दुरुस्त न होणाऱ्या जागी तडा गेला असेल, तरच खरे ठरतात. आपल्या हकिकतीत तसे काही दिसत नाही.

सुट्या भागांची अडचण मात्र खरी आहे आणि ती दिवसेंदिवस वाढणार आहे. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिचे उत्पादन बंद होऊन दोन तपे उलटली. त्यानंतरही सुट्या भागांचा बाजार जिवंत राहिला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. मुंबईतील ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या तसे ते गिऱ्हाईकही गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात अजून जुना माल मिळतो, पण तेथे जाण्यापूर्वी लागणाऱ्या भागांची मापांसह यादी हातात हवी. पिस्टन, रिंगा, बेअरिंग असे धातूचे भाग जुन्या साठ्यातले असले तरी चालतात. ऑइल सील, रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा हे मात्र कितीही कोऱ्या खोक्यातून निघाले तरी घेऊ नयेत, कारण खोक्यातही रबर कडक होतच असते.

आता व्हॅनच्या इंजिनाविषयी. यांत्रिकदृष्ट्या असे बदल होतात आणि लोक ते करतातही. पण इंजिनाबरोबर गिअरबॉक्स बदलतो, स्टिअरिंगच्या दांड्याजवळचा गिअर जातो, माउंटिंगसाठी कापाकापी होते, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांडा करावा लागतो, आणि मग वडिलांच्या गाडीतले वडिलांना ओळखू येईल असे फारसे उरत नाही. मला हा तोटा सर्वांत मोठा वाटतो. ज्यांना तो तितका वाटत नसेल त्यांनी कायद्याची बाजू तरी पाहावी. इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीत नोंदवून घ्यावा लागतो. परवानगीशिवाय बदललेल्या इंजिनाची गाडी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात नूतनीकरणासाठी नेली, की तपासणीत ते उघड होते, आणि अपघात घडल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

आपल्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली चारचाकी वा दुचाकी या वर्गात मोडते. अशा वाहनाला 'व्हीए' अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. त्या नियमांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे ठेवले आहे. या वर्गातली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, त्यामुळे आठवड्याला कल्याणची फेरी करणाऱ्याने तिकडे जाण्याची घाई करू नये. साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करण्याचा मार्ग खुला आहेच. पण १९७५ ची गाडी या वर्गात बसण्याच्या वयाला आली असताना तिचे मूळ इंजिन भंगारात घालणे म्हणजे तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करणे होय. तेच इंजिन त्याच क्रमांकासह दुरुस्त करून बसवले, तर हा प्रश्न उद्भवू नये असे माझे मत आहे. तरीही मशीन शॉपची बिले आणि ब्लॉकवरील क्रमांकाचे कामापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र जपून ठेवावे.

इंजिन मशीन शॉपमध्ये असेल त्या काळात पाणी का संपले, याचा शोध लागलाच पाहिजे. हे काम राहून गेले तर नवे पिस्टनही त्याच घाटात त्याच जागी चिकटतील. रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्या तपासा. आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये घातले जाते आणि त्याचा क्षार नळ्यांत थरावर थर साचतो. शहरात सपाटीवर फिरताना हे जाणवत नाही, चढावर जाणवते. पितळी-तांब्याचा जुना रेडिएटर नव्या कोअरसह पुन्हा बांधून घेणे बहुतेक वेळा शक्य असते. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटाही साफ कराव्यात. ब्लॉक रिकामा असतानाच त्याच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या झाकण्या, ज्यांना मेकॅनिक वॉटर प्लग म्हणतात, काढून पाहाव्यात. त्यांच्या मागे शेवटच्या सिलिंडरजवळ चिखलासारखा गाळ घट्ट बसलेला असतो आणि तो नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, तारेने उकरून काढावा लागतो. त्याच झाकण्या गंजून त्यांतूनच पाणी गळत असण्याचीही मोठी शक्यता असते. वॉटर पंपाचे सील, फॅन बेल्टचा ताण, होज पाइप आणि रेडिएटरचे झाकण हे सर्व याच वेळी नवे किंवा तपासलेले असावे. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की गंज जलद होतो, म्हणून पुढे साधे पाणी न घालता डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला कूलंटच वापरावा.

बांधलेले इंजिन प्रथम सुरू करतानाही घाई नको. प्लग काढून ठेवून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन सेल्फने फिरवावे, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचते. मग प्लग लावून ते सुरू करावे आणि पहिली वीसेक मिनिटे आयडलवर न ठेवता थोड्या चढ्या वेगात चालू ठेवावे, कारण नवे किंवा घासलेले टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) कॅमवर बसण्यासाठी वरून उडणारे ऑइल मंद वेगात पुरत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच पुन्हा आवळावेत आणि टॅपेटची फट नव्याने लावावी. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलावे. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये घाट नको, एकाच वेगाने लांबचा प्रवासही नको. नाशिक-त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक-सिन्नर अशा फेऱ्या, वेग कमीजास्त करत, त्यासाठी योग्य आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या पडवीत १९८५ ची पेट्रोल अँबेसेडर बरीच वर्षे उभी आहे. बंद केली तेव्हा ती उत्तम चालत होती. आता बॅटरी लावली तर सेल्फ नुसता 'टक्' करतो, हँडलनेही इंजिन हलत नाही. शेजारचे म्हणतात, गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढली की सुटेल. ओढावी का?
एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ओढू नये. आपल्या इंजिनाचा दोष वरच्या पत्रातल्या इंजिनापेक्षा अगदी वेगळा आहे. तेथे उष्णतेने धातू चिकटला; येथे पावसाळ्यांतल्या दमटपणाने रिंगांच्या रेषेवर गंज धरला आहे. गाडी बंद केली त्या वेळी ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात बाहेरची हवा सतत खेळत राहते आणि बहुधा तोच एक सिलिंडर सारे इंजिन धरून बसतो. ट्रॅक्टरने ओढल्यास त्या एका पिस्टनवर सगळा जोर येतो. रिंग तुटते, पिस्टनची कड उडते किंवा रॉड वाकतो, आणि सहज वाचणारे इंजिन मोठ्या कामाला येते.

चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल व पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ तेल समप्रमाणात मिसळून अर्धी वाटी सोडा. आठ-दहा दिवस रोज पाहा. ज्या सिलिंडरमधले तेल उतरत नाही, तेथे रिंगा घट्ट बसल्या आहेत. जेथे उतरते तेथे पुन्हा घाला. त्यानंतर हँडलने किंवा गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून हातांनी पुढे-मागे हलकेच डोलवून पाहा. एकाच दिशेला जोर लावण्यापेक्षा दोन्ही दिशांना थोडे थोडे हलवल्याने गंजाची कड सुटते. इंजिन हलू लागले की रॉकरचे झाकण काढून प्रत्येक व्हॉल्व्ह वरखाली होतो आहे ना, ते डोळ्यांनी पाहा; अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून इंजिन फिरवले तर पुशरॉड (व्हॉल्व्हकडे जोर पोहोचवणारी दांडी) वाकतो. प्लग लावण्यापूर्वी सिलिंडरमधले तेल बाहेर फेकले गेलेच पाहिजे, कारण द्रव दाबला जात नाही आणि त्याच्यावर पिस्टन आदळल्यास रॉड वाकतो. चेंबरमधले जुने ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, कारण ओतलेले पातळ तेल झिरपून त्यात मिसळलेले असते.

दोन-तीन आठवड्यांनीही काहीच हलले नाही तर हेड उतरवावे. अँबेसेडरचे १४८९ सीसीचे हे इंजिन अतिशय दणकट आणि सोपे आहे, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत, आणि ते दुरुस्त करणारे हात अजून आपल्याकडे आहेत. त्याऐवजी पुढच्या काळातले १८०० सीसीचे इसुझू इंजिन बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. ते चांगले इंजिन आहे, पण आपल्या गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हायला फार काळ उरलेला नाही, तेव्हा वरच्या उत्तरातला कलम ५२ चा आणि व्हिंटेज नोंदणीचा भाग वाचून मगच निर्णय घ्यावा.

प्रश्न : माझ्या पद्मिनीच्या इंजिनाचे पूर्ण काम नुकतेच झाले आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्याने नवे काम खराब होईल का? पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे गेल्यामुळे व्हॉल्व्ह जळतात, हेही ऐकले आहे.
एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : शिसेयुक्त पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटला संरक्षण मिळत असे, हे खरे आहे. ज्या इंजिनांत सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते, उदाहरणार्थ अँबेसेडरचे जुने इंजिन, त्यांत दीर्घकाळ जोरात चालवल्यास ती झिजते आणि हेडचे काम निघाले की कठीण धातूच्या सीट बसवून घेणे हिताचे असते. पद्मिनीच्या हेडमध्ये सीट वेगळ्याच असल्यामुळे आपली चिंता त्या मानाने कमी आहे. टॅपेटची फट वरचेवर कमी होत असेल, तरच सीट झिजते आहे असे समजावे.

इथेनॉलचा प्रश्न मात्र अधिक गंभीरपणे घ्यावा. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे साडेचौदा पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट हवा पुरते, पण जुना कार्बोरेटर पूर्वीच्याच हिशोबाने हवा देत राहतो. परिणामी मिश्रण पातळ होते, ज्वलन अधिक तापते आणि आधीच काठावर असलेली कूलिंग व्यवस्था घाटात हार खाते. म्हणून इंजिनाचे काम झाल्यावर मुख्य जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणारे छिद्र) एक माप मोठा लावून पाहावा आणि काही किलोमीटर जोरात चालवल्यानंतर प्लगचा रंग पाहावा. पांढुरका प्लग मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. फिकट विटकरी रंग हवा. गाडीची सरासरी (लिटरमागे किलोमीटर) थोडी उतरेल, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि त्यावर कोणत्याही ट्यूनिंगने उपाय होत नाही.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि मऊ करते, आणि हवेतला ओलावा ओढून घेते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी तुकडे आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकीचा पत्रा आतून गंजतो. कार्बोरेटरच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवा आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत तो दर आठवड्याला पाहा, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवून पुढे ढकलते. फिल्टरमध्ये तांबूस गाळ येत राहिला, तर जेट वारंवार साफ करत बसण्याऐवजी टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी. आणि इंजिनाजवळचा पेट्रोलचा रबरी पाइप दर महिन्याला चिमटीत दाबून पाहा. तो बोटाला चिकट लागला किंवा वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसल्या, तर त्याच दिवशी बदला, कारण तो तापलेल्या मॅनिफोल्डपासून (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीपासून) फार दूर नसतो.